चाकूने ओरखडा उठला

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोन अर्धवटच राहिला. शाळेतल्या शिक्षकांना भूशास्त्र कसं शिकवावं हे सांगायला गेलो होतो, त्याचं काय झालं ते विचारत होतास ना? पहिला दिवस पार पाण्यात गेला.

आपल्या कॉलेजातली ती खडकांची पेटी आठवते? तसलीच एक नेली. ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म, आणि वर ऐंशी स्लाइड्स. समोर तीस शिक्षक, बहुतेक भूगोलाचे, जेवणानंतर पेंगुळलेले. शेवटी भोरकडच्या एका बाईंनी विचारलं, "सर, यातलं आमच्या गावात काय सापडतं?" बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड, पेटीत होता, पण अगदी तळाशी, चिकटवलेला नंबरही निघून गेलेला. ज्या दगडाचा घरचा पाटा-वरवंटा, ज्यात पाताळेश्वरचं लेणं कोरलंय, तोच मी तळाला टाकला होता! पुस्तकात अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन प्रकार, म्हणून पेटीतही तीन. पुण्याच्या पोराला घराबाहेर मात्र एकच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वेताळ टेकडीवर नेलं, जुन्या खाणीपाशी. खाली घट्ट काळा पाषाण, वर छिद्राछिद्रांचा दगड. एक गुरुजी पटकन म्हणाले, "हा तर मांजऱ्या, विहीर खणताना लागतो." लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरचा भाग थिजला की तिथेच अडकतात, हे मी सांगत होतो, तर त्याच भोरच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आंबोळीची जाळी." माझी पस्तीस वर्षांची नोकरी झाली, पण हे मला कधी सुचलं नाही.

आता खरी गंमत ऐक. एका छिद्रात पांढरा चकचकीत खडा होता. मी तोऱ्यात सांगून टाकलं, "क्वार्ट्झ. आपली गार." त्या गुरुजींनी काही न बोलता खिशातला चाकू काढला आणि खड्यावर ओढला. सरळ ओरखडा उठला! गारेवर चाकू चालत नाही, हे मीच सकाळी शिकवलेलं. पिशवीत व्हिनेगरची बाटली होती. खड्याची थोडी पूड करून वर थेंब टाकला, तर फसफसलं. कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज! तीस जणांसमोर माझी विकेट गेली.

पण बंड्या, त्यानंतर ती माणसं बोलायला लागली. तोवर प्रत्येकाच्या मनात एकच धाकधूक होती, की पोरानं दगड आणून दिला आणि नाव सांगता आलं नाही तर? आता जो तो दगड उचलून ओरबाडत होता, नाव मागाहून. दगड ओळखता न येणं ही अडचण नाहीच रे, आधी तपासायचं काय हे ठाऊक नसतं.

मग काळाचा प्रश्न आला. सहा कोटी साठ लाख वर्षं सहावीतल्या मुलाला कशी दाखवायची? शाळेच्या मैदानात ६६ मीटर सुतळी ताणली. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं. या टोकाला आपण, त्या टोकाला आपला काळा दगड ओतला जात होता तो काळ. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे आपल्या टोकापासून पाऊण मिलिमीटरही नाही. शिवाजी महाराजांचा जन्म अर्ध्याच्याही आत. सुतळी धरून उभे असलेले ड्रिलचे सर कितीतरी वेळ नखाकडे बघत राहिले.

प्रमाणपत्रं, चहा, फोटो हे नेहमीचंच. आयोजकांनी अहवालात पेटीचाच फोटो छापलाय, टेकडीचा एकही नाही.

आता तुझ्याकडे काम. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. गाळाचा दगड मी इथे कुठून आणू? तू चंद्रपुरात बसलायस. चुनखडीचे चार-पाच तुकडे आणि थोडा दगडी कोळसा पाठव. हातात मावतील एवढेच, घासून चकचकीत केलेले नकोत. आणि कोळसा वेगळा बांध रे, मागच्या वेळी वहिनींनी दिलेल्या चिवड्याला लागला होता.

तुझा,
अण्णा