"तुम्ही दाबा, ताई" म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. पतसंस्थेतला प्रिंटर एवढं म्हटलं की तुम्ही ओळखालच.

काल रात्री तीनदा लाईट गेली. सकाळी ऑफिसचं कुलूप काढताना पोटात नेहमीचा गोळा होताच. सर्व्हर सुरू केला, माझ्या टेबलावरून एका सभासदाचा बेबाकी दाखला सोडला, आणि कोपऱ्यात प्रिंटर घरघरला. शिपाईकाका कागद हातात घेऊन म्हणाले, "आला की ओ!" तेव्हाच ठरवलं, आज पत्र लिहायचंच.

दोन महिने आम्ही काय काढलेत ते आमचं आम्हाला ठाऊक. वर्षाच्या कराराचे पैसे आगाऊ घेतलेला माणूस यायचा, प्रिंटर डिलीट करायचा, पुन्हा ॲड करायचा, टेस्ट पेज काढून सही घेऊन जायचा. लाईट गेली की दुसऱ्या दिवशी परत 'ऑफलाइन'. चौथ्या खेपेला त्याने साहेबांना सांगितलं, "मॅडम काहीतरी सेटिंग बदलतात. आणि हा विंडोज सर्व्हर 2008 वाला सर्व्हर आता भंगारात काढा." नव्याचं कोटेशन बॅगेत तयारच होतं! त्या दिवसापासून मला सर्व्हरला हात लावायची बंदी. 19 वर्षं नोकरी झाली माझी, दादा. मार्च एंडला बाहेर सभासदांची रांग, आणि मी पेन ड्राइव्ह घेऊन केबिनच्या दारात उभी, एवढं काढून देता का म्हणून.

तुम्ही आलात आणि मशीनकडे न जाता स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. "कधी बंद पडतो? आदल्या दिवशी काय झालेलं असतं?" दोन महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, लाईट जाते. तुम्ही हसलात. राउटर बंद होऊन चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो, आणि सर्व्हर बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. "भाडेकरूने खोली बदलली, पोस्टमनला कुणी सांगितलंच नाही," असं तुम्ही म्हणालात ते मला आजन्म लक्षात राहील. पत्ता कायमचा करून दिलात. मागच्या दोन जुन्या 32 बिटच्या कॉम्प्युटरना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, लागतो, तोही सर्व्हरवर चढवलात. बाकीचं मला कळलं नाही, कळून घ्यायची गरजही वाटली नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. सगळं झाल्यावर तुम्ही उठलात, माझी खुर्ची मला दिलीत, माऊस माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, "तुम्ही दाबा, ताई." साहेब मागेच उभे होते. माझा हात थरथरत होता. कागद आला. मग तुम्ही साहेबांकडे वळून, आवाज न चढवता म्हणालात, "यांनी काही बिघडवलेलं नव्हतं." साहेब काही बोलले नाहीत. मीही नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

सर्व्हरबद्दलही तुम्ही खरं तेच सांगितलंत: 2020 च्या जानेवारीपासून त्याचे अपडेट बंद आहेत, कधीतरी बदलावा लागेल, तोवर बॅकअप रोज घ्या. गोष्ट तीच, पण त्या माणसाने ती धमकीसारखी ऐकवली होती. तुमच्याकडे विकायलाही काही नव्हतं. ठरलेले पैसे घेतलेत, पावती फाडलीत, वर एक रुपया नाही. फुकट केलं असतंत तर मला उलट ओझं झालं असतं. अशी माणसं तालुक्यात असतात, फक्त त्यांच्या गाडीवर कंपनीचा स्टिकर नसतो.

हे पत्र त्याच प्रिंटरवर काढलंय. गडबडीत दोन प्रती निघाल्या. एक शिपाईकाका तुमच्या दुकानात आणून देतील, दुसरी माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. त्या दिवशी चहा न घेता गेलात, तो चहा मात्र बाकी आहे.

तुमची,
पतसंस्थेतली ताई