रविवारच्या वाचनाची आठवण
मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला नक्की या, रेचल केलोफबद्दल बोलायचंय. ही ज्यू मुलगी १८९४ मध्ये युक्रेनकडून अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात आली, न पाहिलेल्या माणसाशी लग्न करायला. सरकारकडून १६० एकर मिळायची, पण ५ वर्षं तिथं राहून कसायची अट. पहिला हिवाळा बारा बाय चौदा फुटांच्या खोपटात, सासू-सासरे, दीर, कोंबड्या, वासरू सगळे एकत्र, आणि सरपणाला शेणाच्या गोवऱ्या, आपल्याकडच्यासारख्याच! तिथंच नऊ मुलं वाढवली. १९३६ मध्ये तिनं हे सगळं यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहून काढलं, मला तर वाचताना गलबलून आलं. पानं ग्रुपवर टाकलीत, निदान हिवाळ्याचा भाग वाचूनच या प्लीज.