शाळेत शिक्षक किती, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात तालुक्यातल्या उत्कृष्ट जिल्हा परिषद शाळांची यादी फोटोंसह आली होती. रंगवलेल्या भिंती, परसबाग, टीव्हीसमोर ओळीत बसलेली मुलं. त्या शाळांचं मला मनापासून कौतुक आहे. गावानं वर्गणी काढल्याशिवाय आणि शिक्षक सुट्टीत राबल्याशिवाय एवढं उभं राहत नाही. पण माझी धाकटी येत्या जूनमध्ये पहिलीत जायची आहे, आणि पहिलीच्या मुलांना शिकवायला कुठल्या शाळेत किती माणसं आहेत, ते त्या यादीत शोधूनही सापडलं नाही.

आमची वाडी लांजा तालुक्यात. तिला घालता येतील अशा शाळा तीन: वाडीतली, नदीपलीकडची आणि बाजाराजवळची केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची (केंद्राची) मुख्य शाळा. मी तिन्ही शाळांत जाऊन बसले. शिक्षकांची परवानगी घेतली आणि मुलांना त्यांच्याच पुस्तकातलं, पण अजून न शिकवलेलं पान वाचायला दिलं. शिकवलेला धडा पोरांना तोंडपाठ असतो, त्यावरून काही कळत नाही.

वाडीतल्या शाळेत पहिली ते चौथीला मंजूर शिक्षक दोन. त्यातले एक ऑनलाइन बदलीत गेले आणि ती जागा रिकामीच आहे. राहिलेले गुरुजी मेहनती आहेत, याबद्दल वाडीत कुणाचंही दुमत नाही. ते चौथीला भागाकार सांगत असतात तेव्हा पहिलीची मुलं पाटीवर अक्षरं गिरवत बसतात. एखाद्यानं 'ळ' उलटा काढला की तो अर्धा तास उलटाच गिरवला जातो, कारण बघायला कुणी नाही. मधेच आहाराची नोंद, मधेच तालुक्याहून 'आजच पाठवा' म्हणून मागितलेली माहिती. ज्या दिवशी गुरुजी बैठकीला जातात त्या दिवशी शेजारच्या शाळेतले कुणी आले तर शाळा भरते.

नदीपलीकडची शाळा दिसायला सगळ्यांत साधी. जुनी कौलं, उघडे चिरे, टीव्ही आहे पण बिघडलेला. शिक्षक मात्र दोघे, आणि दोघेही बरीच वर्षं तिथेच. बाई पहिली-दुसरी एकत्र घेतात, गुरुजी तिसरी-चौथी. दुसरीतल्या मुलीनं माझ्यासमोर अख्खं पान वाचलं, अडली तिथे स्वतःच मागे जाऊन पुन्हा वाचलं. तिन्ही शाळांत असं वाचणारी मुलं मला तिथेच जास्त दिसली. तुमच्या यादीत ती शाळा नाही.

केंद्रशाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक आहे. तिथल्या मुलांचंही वाचन चांगलं. पण ती आमच्यापासून दूर पडते, आणि सहा वर्षांच्या पोरीला रोज तेवढं चालवायचं नाही.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. साठपर्यंत पट असला तर दोन शिक्षक हवेत, हेही त्यातच आहे. चार इयत्तांना एकच शिक्षक असेल तर एका इयत्तेच्या वाट्याला सरळ हिशेबानं २०० तास येतात. दोन शिक्षक असले तर ४०० आणि इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असला तर पुरे ८००. जाणते शिक्षक गट पाडून, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून यात भर घालतात, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. तरी पहिलीच्या मुलाशेजारी मोठं माणूस बसावंच लागतं. शाळांची तुलना करायची तर आधी या तासांची करा, रंगाची नंतर.

पट कमी म्हणून छोट्या शाळांना कमी लेखलं जातं, त्याचं फार वाईट वाटतं. कोकणात पट कमी होणारच, अर्धी घरं मुंबईला आहेत. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, शिक्षक पटावर ठरतात. मग शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, आणि पट आणखी खाली येतो. आमच्या वाडीतली तीन मुलं अशीच व्हॅननं इंग्रजी शाळेत जाऊ लागली. त्यांच्या आईबापांना मी दोष देणार नाही. ज्यांना व्हॅनचे पैसे परवडत नाहीत ती मुलं मागे राहतात, आणि नेमक्या त्यांच्याच वर्गात गुरुजी अर्धा वेळ नसतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरचं काम शिक्षकांना देऊ नये असं कायदाच सांगतो. बाकीचे कागद भरायला पंचायत समितीनं केंद्रामागे एक माणूस दिला तरी पुष्कळ वेळ वाचेल.

नदीपलीकडे घाल, असं मला अनेक जण सांगतात. पण आषाढात नदीवरच्या साकवावरून, त्या लहान पुलावरून, पाणी जातं, तेव्हा मोठी माणसंसुद्धा पलीकडे जात नाहीत. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हा नियम अशाच मुलांसाठी केलेला आहे. म्हणून मला वाडीतलीच शाळा हवी आहे, दोन शिक्षकांसह.

आपल्याला विनंती एवढीच, की शाळा उघडण्याआधी तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेपुढे तीन आकडे छापावेत: मंजूर शिक्षक, प्रत्यक्ष वर्गावर असलेले शिक्षक आणि इयत्ता. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातल्या कुणालाही हे आकडे देता येतील. इतर गावांतल्या समित्यांमधल्या बायकांनीही ते पाठवावेत. आमच्या शाळेचे मीच देते: मंजूर दोन, वर्गावर एक, इयत्ता चार.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य,
ता. लांजा, जि. रत्नागिरी