पाणी असेल तेच कुकरात

वेंगुर्ला

चि. तन्वी हिस अनेक आशीर्वाद.

भातकुकर चालू झाला हे फोनवर कळलं. फोनवर तू कायम घाईत. अर्धं ऐकतेस आणि "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे लिहून एसटीच्या पार्सलात उकड्या तांदळावरच ठेवलंय. तांदूळ काढताना तरी हाताला लागेल.

आधी तो कुकर चालतो कसा ते समजून घे. भांड्याखाली मधोमध गोल चकती आहे ना, दाबली की खाली जाते ती, तिच्यात लोहचुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. पाणी आटलं की तळ एकदम तापतो, चुंबकाची पकड सुटते, खटका पडतो आणि 'वॉर्म'चा दिवा लागतो. त्याची अक्कल एवढीच. भात शिजला की नाही हे त्याला कळत नाही, पाणी संपलं एवढंच कळतं.

म्हणून ज्यात पाणी आहे तेच त्याला द्यायचं. नुसत्या तेलात फोडणी करायला गेलीस की खटका सारखा उडणारच, तो बिघडलेला नाही. तुझी रूममेट खटक्यात काडी अडकवते म्हणालीस, ते मात्र मुळीच करायचं नाही. जळू नये म्हणून तर तो खटका ठेवलाय! मोबाईलवर बायका त्यात केकही करून दाखवतात. करोत. जपानात १९५५ साली हे यंत्र बाजारात आलं ते भातखाऊ लोकांनी भातासाठी केलं, आणि आपणही भातखाऊच.

भांड्याच्या आतल्या खुणांवर जाऊ नकोस. त्या सोबतच्या १८० मिलिच्या मापाला आणि पांढऱ्या पॉलिशच्या तांदळाला धरून असतात. आपला उकडा तांदूळ दांडगा. कॉलेजला जाताना भिजत घाल, आलीस की वाटीला तीन वाट्या पाणी घालून लाव. खटका पडला तरी झाकण लगेच उघडायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं वाफेवर राहू दे. तरी कणी लागली तर अर्धी वाटी गरम पाणी घालून खटका पुन्हा दाब. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाला दोन वाट्या पुरतात.

पेजेला वाटीला सात-आठ वाट्या पाणी लागतं. तुझा कुकर एक लिटरचा, म्हणून पाव वाटीच तांदूळ घे. भांडं निम्म्याच्या वर भरलंस तर झाकणाच्या भोकातून फेस उतू जाऊन खाली विजेच्या भागात शिरेल. उकळी आली की झाकण तिरकं ठेव आणि समोरून हलू नकोस. पेजेत पाणी राहतंच, त्यामुळे खटका आपणहून पडायचा नाही. दाणा बोटाने चेपला गेला की तूच बंद कर. मीठ वरून. लोणचं पार्सलात आहे.

कुळथाची पिठी फोडणीवाचून होत नाही असं तुझी आजी म्हणेल, म्हणू दे. दोन चमचे पिठी थंड पाण्यातच कालव, गरम पाण्यात घातलीस तर गुठळ्या होतात. कुकरात दोन वाट्या पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, दोन आमसुलं आणि मीठ घाल. उकळी आली की कालवलेली पिठी ओत आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहा, नाहीतर तळाला धरते. दाट झाली की वरून चमचाभर खोबरेल तेल. स्टीलचा चमचा भांड्याला लावायचा नाही, आतला थर खरवडतो. तांदूळही वेगळ्या भांड्यात धू.

आठळ्या, अंडी, रताळी बिनधास्त उकड. सुकी मासळी नको. तुमच्या फिशरीज कॉलेजच्या पोरींना वासाचं कौतुक नसेल, पण घरमालकीणबाईंना असेल.

भांडं ठेवण्याआधी बाहेरून कोरडं पूस. खाली एखादं शीत अडकलं तरी भांडं नीट टेकत नाही आणि खटका अवेळी पडतो. खोलीतला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचा. कुकर चारशेच वॅटचा, पण त्याच एक्स्टेन्शनवर रूममेटची केटली आणि इस्त्री लावायची नाही.

आणि रात्रीचा भात सकाळपर्यंत कुकरात ठेवू नकोस. वीज गेली की 'वॉर्म'ही जातं, आणि भातात असे जंतू असतात की शिजवूनही त्यांची बीजं मरत नाहीत, कोमट भातात ती वाढतात. मग नुसता पुन्हा गरम करून भागत नाही, पोट बिघडतंच. लागेल तेवढाच लाव.

आमसुलं संपत आली की आधी कळव, बाय. आणि रिकामे डबे परत पाठव, इथे झाकणाचा एकही उरलेला नाही.

तुझी,
आई