क्वर्सेटिनची डबी आणि अण्णांची गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पानावरचा क्वर्सेटिनवरील लेख वाचला. कांदा, सफरचंद, चहा यांतला हा फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतलं एक नैसर्गिक द्रव्य) हृदयाला उपकारक, असं सांगून शेवटी त्याच्या कॅप्सूलची शिफारस केली आहे. त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहिली, आणि ती आमच्याच घरात घडली म्हणून लिहिते.

माझे थोरले भाऊ, अण्णा, हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेतात. गेल्या पावसाळ्यात एका दुकानदाराने "झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही" म्हणत त्यांना क्वर्सेटिनची डबी दिली. दीड महिना घेतली. डॉक्टरांना हे सांगायचं असतं, याची अण्णांना कल्पनाच नव्हती. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) तपासायला गेले तेव्हा वैनीच्या पिशवीतून ती डबी निघाली, म्हणून कळलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली.

वॉरफरिनचा निचरा यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम करतं. क्वर्सेटिन त्याला अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर वॉरफरिन जिथे बसतं, तिथेच क्वर्सेटिनही जागा धरतं. माणसाच्या शरीरात फरक किती पडेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि वॉरफरिनचं गणित थोडंसं चुकलं तरी रक्तस्राव होऊ शकतो.

जेवणातल्या कांद्याची भीती मात्र कुणी घेऊ नये; त्यातून कॅप्सूलएवढं क्वर्सेटिन मिळत नाही, पण जे मिळतं ते चांगलं शोषलं जातं. नेदरलँड्समध्ये 1995 साली झालेल्या प्रयोगात कांद्यातलं क्वर्सेटिन सुमारे 52 टक्के शोषलं गेलं, शुद्ध क्वर्सेटिन फक्त 24 टक्के. कांद्यात ते ग्लुकोजला जोडलेलं असतं, म्हणून आतड्यातून सहज आत जातं. बेळगावच्या मार्केट यार्डातून आणलेला तांबडा कांदा सोलताना आपला हात सवयीने टरफलाखालचा जाड पापुद्राही ओढून काढतो. तो राहू द्यावा, सगळ्यात जास्त क्वर्सेटिन बाहेरच्याच पापुद्र्यांत असतं. पांढऱ्या कांद्यात ते जवळजवळ नसतंच. उकडलात तर बरंचसं पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी आमटीत घाला.

रक्तदाबाबद्दलही स्पष्ट लिहायला हवं होतं. 2016 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वरचा दाब सरासरी 3 अंकांनी उतरलेला दिसला, तोही मुख्यतः रोज 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत. एवढं कांद्यातून मिळत नाही. पण या तीन अंकांच्या भरवशावर दाबाची गोळी सोडलेली माणसं मी आमच्या गल्लीतच पाहिली आहेत, आणि त्यांची मला काळजी वाटते.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वॉरफरिन आणि अवयव रोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन हे औषध घेणाऱ्यांसाठी एक चौकट ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती. अण्णा आपला पेपर रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)