‘पावडर’ या एका शब्दाने घोळ होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील एका तालमीत गेली बावीस वर्षे मी मुलांकडून वजनांचा व्यायाम करून घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला, तेव्हापासून ‘पावडर द्यावी का?’ असे पालक मला वारंवार विचारतात. त्यांना एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण या नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि बातम्यांतही त्या एकत्रच येतात.

प्रथिनांची पावडर म्हणजे बहुधा चीज करताना दुधातून सुटणारे पाणी गाळून, वाळवून केलेली भुकटी. ते अन्नच आहे. ४९ प्रयोगांतील १,८६३ व्यक्तींची माहिती एकत्र तपासणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वाढीव प्रथिनांमुळे एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनात सरासरी सुमारे अडीच किलोचीच जादा भर पडते, आणि शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने घेऊन स्नायू आणखी वाढत नाहीत, असे त्यात दिसले. साठ किलोच्या मुलाला म्हणजे ९६ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, चार अंडी, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, दोन वाट्या आमटी आणि ज्वारीच्या चार भाकऱ्या यांत तेवढी जवळपास भरून निघतात. घरच्या म्हशीचे दूध डेअरीला घालून त्याच पैशांत पोरासाठी तीन हजारांचा डबा आणणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो.

पालकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती क्रिएटिनची, म्हणजे स्नायूंत मुळातच असणाऱ्या एका द्रव्याच्या पावडरीची, आणि ताकदीच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा त्याचाच आहे. जड वजन उचलताना पहिले काही सेकंद स्नायू ज्या साठ्यावर चालतो तो त्याने वाढतो, त्यामुळे एका दमात वजन एखाददुसऱ्या वेळा जास्त उचलता येते आणि महिनोन्‌महिन्यांच्या सरावात त्याचे फळ दिसते. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतात. साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. शाकाहारी मुलांत मूळचा साठा कमी असल्याने फरक अधिक जाणवू शकतो. सुरुवातीला वजन एखाददोन किलोंनी वाढते, ते मुख्यतः पाणी असते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून शरीरात तयार होणारे टाकाऊ द्रव्य) थोडे वाढलेले दिसते म्हणून मूत्रपिंड बिघडले असा समज होतो; निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेने तसे नुकसान झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये, आणि अठरा वर्षांखालील मुलांना मी ते घेऊ देत नाही, कारण त्या वयासाठी पुरावा अजून तोकडा आहे.

बीसीएए, म्हणजे तीन अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) महागड्या डब्यांविषयी थोडक्यात सांगतो: स्नायू बांधायला नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात, त्यांतील तीनच विकत घेऊन पोटभर प्रथिने खाणाऱ्याला वेगळे काही मिळत नाही.

खरा धोका डब्यावर न छापलेल्या गोष्टींचा आहे. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतील ६३४ पूरके तपासली, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत लेबलवर न लिहिलेली संप्रेरकसदृश (स्टेरॉइडच्या जातीची) द्रव्ये निघाली. आपल्याकडे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३६ प्रथिन पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले होते. उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. गरिबाघरच्या पैलवानाची वर्षांची मेहनत अशा एका डब्यापायी मातीत जाऊ शकते.

म्हणून माझी मागणी अशी की, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून आणि जिममधून थेट नमुने उचलावेत, त्यांचे निष्कर्ष उत्पादनाच्या नावानिशी जाहीर करावेत आणि आपल्यासारख्या दैनिकांनी ते जिल्हा पानावर छापावेत. व्यायाम शिकवणाऱ्यानेच डबे विकून त्यावर कमिशन घेण्याची पद्धतही बंद व्हायला हवी.

आपला विश्वासू,
एक व्यायाम प्रशिक्षक, कोल्हापूर