धूर दिसत नाही म्हणजे फ्लेअर स्वच्छ जळतो असे नाही

संपादक महोदय,

तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर जळणाऱ्या ज्वाळांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचकांची पत्रे येतात आणि त्यांतली बहुतेक तक्रार काळ्या धुराची असते. तक्रार रास्तच आहे. परंतु धूर थांबला की तक्रारही थांबते आणि त्या ज्वाळेतून नेमके काय बाहेर पडते, हा प्रश्न तिथेच राहतो. नोकरीची बरीच वर्षे मी अशाच एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर काढली. धूर अजिबात नसलेली आणि तरीही अतिशय अस्वच्छ ज्वाळा कशी तयार होते हे मला पक्के ठाऊक आहे, कारण कित्येक रात्री ती मीच तयार करत होतो.

या विषयाशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या ज्वाळेच्या यंत्रणेला कारखान्यात फ्लेअर म्हणतात. एखाद्या संयंत्रातला दाब अचानक वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. आतला वायू एका मोठ्या पाइपात येतो, वाटेतल्या ड्रममध्ये त्यातला द्रव खाली बसतो आणि उरलेला वायू उंच स्टॅकच्या टोकाला जाऊन तिथे सतत तेवत असलेल्या पायलट ज्योतींवर पेट घेतो. हा वायू न जाळता सोडला तर तो साचून स्फोट होऊ शकतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर माणसे दगावू शकतात; म्हणून ‘फ्लेअर बंदच करा’ ही मागणी मला मान्य नाही. फ्लेअर हवाच. त्यात रोज किती वायू जाऊ द्यायचा आणि गेलेला वायू कसा जाळायचा, यावर मात्र बोलायला हवे.

धूर होतो तो हवा कमी पडल्यामुळे. प्रोपिलीन किंवा ब्युटेनसारखा जड वायू मोठ्या प्रमाणात आला की ज्वाळेच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे काजळी धरते आणि तिचे काळे लोट बाहेर पडतात. त्यावर उपाय म्हणून टोकाभोवतीच्या नोझलमधून जोराने वाफ सोडतात, जिला आम्ही स्टीमच म्हणतो. ही स्टीम बाहेरची हवा आपल्याबरोबर ओढून आणते, वायू आणि हवा एकमेकांत घुसळते, आणि काजळी धरत नाही. इथपर्यंत सगळे ठीक आहे. पण गरजेपेक्षा जास्त सोडलेली स्टीम ज्वाळेला थंड करते, जळणारे मिश्रण पातळ करते, आणि वायूचा काही भाग न जळताच निघून जातो. त्या न जळलेल्या वायूला रंग नसतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला सगळे छान चालल्यासारखे दिसते.

आमच्या पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात फ्लेअरकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन होता. शिफ्ट बदलताना मिळणारी पहिली सूचना ठरलेली असे : ‘धूर दिसता कामा नये.’ मग मी संध्याकाळीच स्टीमचा व्हॉल्व्ह साठ-सत्तर टक्के उघडून ठेवी आणि सकाळपर्यंत त्याला हात लावत नसे, कारण धूर झाला तर मेमो मिळे आणि स्टीम वाया गेली तर कोणी विचारत नसे. अशा रात्री स्क्रीनवरची ज्वाळा फिकट आणि फाटल्यासारखी, टोकाला जेमतेम धरून असलेली दिसे, तिच्यावर पांढऱ्या वाफेचा तुरा असे, आणि प्लांटमध्ये फेरी मारायला बाहेर पडले की थांबून थांबून धडधडल्यासारखा आवाज येई. आम्ही त्याला फ्लेअरचे घोरणे म्हणून हसत असू. तो स्टीम जास्त झाल्याचा आवाज आहे हे मला फार उशिरा, तेही एका सेवाज्येष्ठ मेकॅनिककडून कळले.

‘फ्लेअर ९८ टक्के वायू जाळतो’ हे विधान या व्यवसायात वेदवाक्यासारखे वापरले जाते. त्याचे मूळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत आहे. त्या चाचण्या खोट्या नव्हत्या. नीट चालवलेला आणि पुरेशा उष्मांकाचा, म्हणजे जळताना पुरेशी उष्णता देणारा, वायू मिळणारा फ्लेअर एवढे जाळू शकतो, असे त्यांत दिसले होते. पुढे अट गळून पडली आणि आकडा तेवढा राहिला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधकांनी अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर फ्लेअरच्या झोतांतून विमान नेऊन प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा विझलेले फ्लेअर हिशेबात धरून मिथेनचा नाश सरासरी ९१ टक्क्यांच्या आसपासच भरला.

९८ आणि ९१ यांत फार अंतर नाही असे वाटेल, म्हणून साधा हिशेब मांडतो. फ्लेअरमध्ये १०० किलो मिथेन गेला असे धरू. ९८ टक्के जळला तर सुमारे २७० किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि २ किलो मिथेन निसटतो. ९१ टक्के जळला तर २५० किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि ९ किलो मिथेन निसटतो. वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन हा वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवणारा वायू आहे. तेव्हा पहिल्या बाबतीत एकूण भार ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका आणि दुसऱ्यात ९७० किलोंइतका होतो. सात टक्क्यांच्या फरकाने तापमानवाढीचा बोजा सव्वादोनपट झाला, आणि धुराच्या नोंदवहीत दोन्ही दिवशी ‘निरंक’ असेच लिहिलेले असणार.

स्टीमचा दोष सगळा ऑपरेटरवर टाकणेही बरोबर नाही. फ्लेअर बांधला जातो तो वर्षातून एखाद्या वेळी, वीज गेल्यावर किंवा कूलिंग वॉटर बंद पडल्यावर, येणाऱ्या प्रचंड लोटासाठी; उरलेले जवळजवळ सगळे दिवस त्यातून जातो तो गळक्या व्हॉल्व्हमधून आलेला आणि हवा आत शिरू नये म्हणून मुद्दाम सोडलेला बारीकसा प्रवाह. मात्र टोक जळून जाऊ नये यासाठी बनवणारी कंपनी जी किमान स्टीम सांगते, ती त्या अवाढव्य टोकाच्या मानाने असते. म्हणजे व्हॉल्व्ह अगदी खालच्या मर्यादेवर ठेवला तरी त्या बारीक प्रवाहाला ती स्टीम जास्तच होते, आणि त्यात न जळणारा नायट्रोजन मिसळलेला असेल तर विचारायलाच नको.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये शुद्धीकरण कारखान्यांसाठी जो नियम केला तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. पूर्वी टोकाकडे जाणाऱ्या वायूचा उष्मांक पाहिला जाई. नव्या नियमात स्टीम मिसळल्यानंतर, म्हणजे प्रत्यक्ष जिथे ज्वलन होते तिथल्या मिश्रणाचा उष्मांक धरला जातो आणि तो पंधरा मिनिटांच्या सरासरीत घनफुटामागे २७० बीटीयूच्या (हे उष्णतेचे तिथले एकक), म्हणजे घनमीटरमागे सुमारे १० मेगाज्यूलच्या, खाली जाता कामा नये. यासाठी वायूचा प्रवाह, स्टीमचा प्रवाह आणि वायूचा उष्मांक हे तिन्ही सतत मोजावे लागतात आणि स्टीमचा व्हॉल्व्ह त्या मापांवर चालवावा लागतो. ही उपकरणे बाजारात आहेत, त्यांत नवल असे काही नाही. कॅमेऱ्याकडे बघून अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवणे यापुढे कुशलतेचे लक्षण मानू नये, असे मी स्वतः तसे करत आलेला माणूस म्हणून सांगतो.

विझलेल्या फ्लेअरचा उल्लेख वर आला आहे. पायलट पेटलेला आहे की नाही हे थर्मोकपलवरून, म्हणजे ज्योतीजवळ बसवलेल्या तापमापक तारेवरून कळते, आणि तो वर्षानुवर्षे आगीत राहून खराब होतो; स्टॅक चालू असताना तिथे चढून तो बदलता येत नाही, त्यामुळे ‘बहुधा पेटलेलाच असेल’ यावर पुढच्या शटडाऊनपर्यंत कारभार चालतो. खालून इन्फ्रारेड कॅमेरा रोखून ही शहानिशा करता येते. जोराचा वारा हाही शत्रूच आहे. तो कमी प्रवाहाची ज्वाळा आडवी करतो आणि तिच्या खालच्या अंगाने न जळलेला वायू खरवडून नेतो. रोजच्या थोड्या वायूसाठी जमिनीवरचा बंदिस्त फ्लेअर चांगला, तो यासाठी. उष्णतारोधक अस्तराच्या उंच कोठडीत बर्नर असतात, वाऱ्याचा संबंध राहत नाही, आतले तापमान मोजता येते आणि झडपांनी हवा कमीजास्त करता येते. आणीबाणीचा लोट तो पेलणार नाही, त्यासाठी उंच स्टॅक ठेवावाच लागतो.

पण जो वायू फ्लेअरपर्यंत पोहोचलाच नाही त्याला जाळायची चिंता नसते, आणि मला सर्वांत जास्त आशा इथेच वाटते. स्टॅकच्या आधी पाण्याचे सील असते. त्यातल्या पाण्याची उंची नीट ठेवली की रोजचा थोडा वायू ते पाणी ढकलून वर जाऊ शकत नाही; तो बाजूच्या कॉम्प्रेसरकडे वळतो आणि तिथून गंधक काढून भट्ट्यांमध्ये इंधन म्हणून परत येतो. मोठा लोट आला तर तो पाणी झुगारून स्टॅककडे जातो, सुरक्षिततेला धक्का लागत नाही. याच्याही आधी करायचे काम त्याहून साधे आहे. एका पहाटे फेरी मारताना एका सेफ्टी व्हॉल्व्हच्या पुढच्या, एरवी कोरड्या आणि कोमट असणाऱ्या पाइपाला मला दाट घाम आलेला दिसला. हात लावला तर पाइप बर्फासारखा गार. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, त्यातून निसटणारा वायू दाब उतरताच थंड होत होता, आणि नोंदी चाळल्यावर लक्षात आले की फ्लेअरचा प्रवाह काही महिन्यांपासून वाढलेलाच होता. तेवढे महिने आम्ही त्याला धूर येऊ नये म्हणून इमानाने स्टीम देत होतो.

तेलविहिरींवरची गोष्ट निराळी आहे. तिथे तेलाबरोबर वर येणारा वायू न्यायला पाइपलाइन नसते म्हणून तो रोजच जाळतात. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात १५१ अब्ज घनमीटर वायू असा जाळला गेला आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश केवळ नऊ देशांत. नॉर्वेच्या संसदेने १९७१ मध्ये तेलधोरणाची जी दहा तत्त्वे मान्य केली त्यांतच, चाचणीचा अल्पकाळ वगळता, वापरता येण्याजोगा वायू जाळायचा नाही असे ठरवून टाकले आणि १९९१ पासून समुद्रातल्या तेलउद्योगाला कार्बन कर लावला; तिथे तो वायू पुन्हा जमिनीखाली दाबणे किंवा विकणे हा उत्पादनाच्या आराखड्याचाच भाग झाला. नायजेरियाने १९७९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९८४ पासून परवानगीशिवाय वायू जाळण्यास बंदी घातली, पण परवानगीची वाट मोकळी ठेवल्याने तो देश आजही त्या नऊ देशांत आहे. कोणत्याही देशाने नियम करताना ‘परवानगीशिवाय’ या एका शब्दाकडे दोनदा पाहावे.

आपल्या बातमीदारांना एक विनंती आहे. कारखान्याच्या ज्वाळेची बातमी करताना धुराच्या छायाचित्राबरोबर व्यवस्थापनाकडे त्या दिवशीच्या फ्लेअरच्या वायूचा प्रवाह, स्टीमचा प्रवाह आणि वायूचा उष्मांक यांचे दर पंधरा मिनिटांचे आकडेही मागावेत. पहिले दोन जवळपास प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या संगणकात आपोआप नोंदले जातात. तिसरा मोजलाच जात नसेल, तर छापण्याजोगी बातमी तीच आहे.

आपला,
एक निवृत्त पॅनेल ऑपरेटर